माहितीचा माग विद्यार्थ्यांना कसा दाखवावा?

डिजिटल माहिती कशी गोळा होते, तिचा वापर कोण करते आणि ती सुरक्षित कशी ठेवली जाते, हे वर्गात कसे शिकवावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न व त्यांची उत्तरे येथे देत आहोत. विषय लक्षात घेता पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेत वर्षातून एकदा सायबर सुरक्षेवर व्याख्यान होते. ‘पासवर्ड कोणाला सांगू नये, अनोळखी दुव्यावर जाऊ नये’ हे विद्यार्थी आता पाठ म्हणतात, पण त्यांच्या वागण्यात काही फरक दिसत नाही. मी आठवीला शिकवते. मला चार-पाच तासिका मिळणार आहेत. सुरुवात कोठून करावी?
(एक शिक्षिका)

उत्तर : अशा व्याख्यानांतील सूचना चुकीच्या नसतात, परंतु त्यांचा सगळा रोख विद्यार्थी स्वतःहून जी माहिती देतो तिच्यावर असतो आणि तेथेच त्या अपुऱ्या पडतात. नाव, दूरध्वनी क्रमांक, जन्मतारीख ही दिलेली माहिती झाली. तिच्याहून कितीतरी मोठा साठा कोणी न विचारता आणि कोणी न सांगता, केवळ वापरता वापरता नोंदला जातो : कोणते पान किती वेळ उघडे होते, चित्रफीत कोठे थांबवली, फोन कोणत्या जागी होता, कोणते उपकरण होते. आणि या दोन्हींवरून तिसरी माहिती तयार होते, जी कोणी दिलेली नसते आणि नोंदलेलीही नसते. ती अनुमानाने काढलेली असते. विद्यार्थ्यांना पहिल्या प्रकाराविषयी शंभर वेळा बजावले गेलेले असते, दुसऱ्याविषयी पुसट कल्पना असते आणि तिसऱ्याविषयी बहुधा काहीच ठाऊक नसते. तुमच्या तासिकांचा भर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारावर असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या तासिकेत बोलू नका, दाखवा. स्वतः काढलेले एक छायाचित्र वर्गात संगणकावर उघडा आणि त्या फाइलचा तपशील पाहा. कॅमेऱ्याचे नाव, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असल्यास अक्षांश-रेखांशही तेथे सापडतात. ते आकडे नकाशावर टाकून पाहिले की चित्रात न दिसणारी गोष्ट चित्राबरोबर प्रवास करते, हे सांगावेच लागत नाही. (छायाचित्र घरी काढलेले नसावे, हे ओघानेच आले.) अनेक समाजमाध्यमे छायाचित्र प्रसिद्ध करताना हा तपशील काढून टाकतात, पण मूळ फाइल ईमेलने पाठवली तर तो तसाच पुढे जातो, हेही जोडून सांगावे. अर्धीच गोष्ट सांगितली तर एखादा चौकस विद्यार्थी ती दुसऱ्याच दिवशी खोडून काढतो आणि मग बाकीच्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

त्यानंतर ब्राउझरमधील विकसकांसाठीची साधने उघडा. बहुतेक संगणकांवर त्यासाठी एफ-12 ही कळ चालते. तेथील ‘नेटवर्क’ विभाग उघडा ठेवून एखाद्या बातम्यांच्या संकेतस्थळावर जा. आपण मागितले एकच पान, पण ब्राउझरने संपर्क साधला तो अनेक वेगवेगळ्या पत्त्यांशी, हे ओळींमागून ओळी सरकताना दिसते. त्यांतील काही पत्ते चित्रांचे आणि अक्षरवळणांचे असतात, काही मोजणी करणाऱ्या कंपन्यांचे आणि काही जाहिरातींचे. येथे कुकी म्हणजे काय, म्हणजेच संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, ते समजावून देता येईल. 1994मध्ये नेटस्केप या कंपनीत लू माँटुली याने ही युक्ती काढली, ती मुळात संकेतस्थळाला परत आलेला पाहुणा ओळखता यावा म्हणून. एकाच जाहिरात कंपनीच्या प्रोग्रामचा तुकडा हजारो संकेतस्थळांवर बसू लागला, तेव्हा त्याच युक्तीने एका माणसाचा या संकेतस्थळावरून त्या संकेतस्थळावर माग काढणे शक्य झाले. कुकी ही मुळातच वाईट वस्तू आहे, असे विद्यार्थ्यांना वाटू देऊ नका. तिच्याशिवाय प्रत्येक पानावर नव्याने लॉग-इन करावे लागले असते.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू, ज्याला मी दोन पूर्ण तासिका देईन. माहितीचा एकेक तुकडा निरुपद्रवी दिसतो. तुकडे जुळले की तो तसा राहत नाही. याचे प्रसिद्ध उदाहरण 1997चे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातील नोंदी, नावे व पत्ते वगळून, संशोधनासाठी उपलब्ध करून दिल्या होत्या. त्या वेळी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात शिकत असलेल्या लटान्या स्वीनी यांनी त्याच राज्यातील केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरना विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व टपाल विभाग क्रमांक या तीन गोष्टी दोन्ही याद्यांत ताडून पाहिल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले शहरात सहा मतदार होते, त्यांपैकी तीन पुरुष होते आणि वेल्ड यांच्या टपाल विभागात त्यांतील एकटे तेच होते. गव्हर्नरांच्या वैद्यकीय नोंदी अशा रीतीने सापडल्या. पुढे स्वीनी यांनी असा अंदाज मांडला, की अमेरिकेतील 87 टक्के लोक केवळ या तीन गोष्टींवरून वेगळे ओळखता येतात. 2006मधील एका फेरमोजणीत हे प्रमाण 63 टक्के निघाले. आकडा खाली आला तरी निष्कर्ष बदलत नाही.

हीच गोष्ट वर्गात घडवून आणता येते. पूर्णपणे काल्पनिक अशा दोन याद्या तयार करा. पहिली एका वाचनालयाची : नावे काढलेली, परंतु जन्मतारीख, लिंग, राहण्याचा विभाग आणि नेलेल्या पुस्तकांचे विषय असलेली. त्यांतील एका वाचकाने एकाच आजारावरची चार-पाच पुस्तके नेलेली असू द्या. दुसरी यादी एका धावण्याच्या स्पर्धेतील सहभागी लोकांची : नाव, जन्मतारीख, लिंग, विभाग. प्रत्येक गटाला दोन्ही याद्या द्या आणि फक्त एवढेच विचारा, की ती पुस्तके कोणी नेली. उत्तर सापडल्यावर उलट काम द्या : वाचनालयाची यादी अशी बदला, की कोणते विषय लोकप्रिय आहेत हे कळेल, पण वाचक ओळखता येणार नाही. कोणी जन्मतारखेऐवजी केवळ जन्मवर्ष ठेवेल, कोणी वयोगट करील, कोणी विभाग एकत्र करील. प्रत्येक बदलानंतर एकसारखे दिसणारे किमान किती वाचक उरतात, ते मोजायला लावा. प्रत्यक्षात तज्ज्ञ याच दिशेने विचार करतात, आणि माहिती जितकी सुरक्षित होते तितकी ती उपयोगाला कमी पडते ही अडचणही मुलांना हातानेच कळते. भीती घालून जे साधत नाही ते अशा कोड्याने साधते.

खऱ्या विद्यार्थ्यांची माहिती या प्रयोगात कधीही वापरू नका, गंमत म्हणूनही नाही. खासगीपणाचा पाठ शिकवताना एखाद्याचा खासगीपणा वर्गासमोर उघडा पडणे यासारखी विपरीत गोष्ट नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे. माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही आणि फुकट ॲप वापरायला मिळत असतील तर कंपन्यांनी माझी माहिती विकली तरी माझे काय जाते?
(एक विद्यार्थी)

उत्तर : तुझ्या प्रश्नात दोन समजुती आहेत; त्यांतील माहिती विकण्याविषयीची आधी तपासू. मोठ्या कंपन्यांचा व्यवसाय तुझ्या माहितीची यादी कोणाला तरी विकून टाकणे असा बहुधा नसतो, कारण यादी एकदा दिली की तिची किंमत संपते. त्या विकतात ती तुझ्यासमोरची जागा. तू एखादे पान उघडतोस तेव्हा, ते पूर्ण दिसण्यापूर्वी, सेकंदाच्या काही अंशांत त्या पानावरील जाहिरातीच्या जागेचा लिलाव होऊ शकतो आणि बोली लावणाऱ्यांना समोरचा माणूस साधारण कोणत्या प्रकारचा आहे याचे वर्णन पुरवले जाते. या लिलावात न जिंकणाऱ्यांनाही ते वर्णन मिळते, ही त्यातील खरी मेख आहे. माहितीच्या याद्या गोळा करून विकणारे दलालही आहेत, परंतु तो निराळा धंदा आहे.

आता लपवण्याविषयी. 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे 58 हजार स्वयंसेवकांच्या फेसबुकवरील ‘लाइक’ एवढ्याच नोंदींवरून त्यांचा राजकीय कल, धर्म, व्यसने, स्वभाव यांचे अनुमान काढून पाहिले गेले. काही बाबतींत ते लक्षणीयरीत्या बरोबर आले, काही बाबतींत जेमतेम. तू एखादी गोष्ट लपवली नाहीस, एवढ्याने ती तू सांगायचे ठरवलेस असे होत नाही. आणि अनुमान चुकले तर? चुकीच्या अनुमानावर कर्ज, विमा किंवा नोकरीचा अर्ज अडला तर कारण काय ते तुला बहुतेक वेळा कळणारही नाही.

शिवाय तुझी माहिती केवळ तुझी नसते. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात व्यक्तिमत्त्व चाचणीचे ॲप घेतलेल्या लोकांची संख्या सुमारे 2 लाख 70 हजार होती. परंतु त्या काळी फेसबुकच्या नियमांनुसार ॲपला वापरकर्त्याच्या मित्रांची माहितीही मिळत असे. 2018मध्ये कंपनीने स्वतःच सांगितले, की 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती यात गेली असावी. त्यांतील जवळजवळ कोणीही ती चाचणी दिलेली नव्हती. तू एखाद्या ॲपला फोनमधील संपर्कांची परवानगी देतोस तेव्हा निर्णय त्या यादीतील प्रत्येकाच्या वतीने घेतलेला असतो. तुझ्याकडे लपवण्यासारखे काही नसेल, त्यांच्याकडे असू शकते.

फुकट ॲप वापरू नकोस असे मी म्हणणार नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला कॅमेरा, माइक, लोकेशन आणि संपर्क यांची परवानगी आहे ते एकदा पाहा, आणि टॉर्च लावणाऱ्या ॲपला तुझ्या संपर्कांचे काय काम, एवढाच प्रश्न प्रत्येकाविषयी विचार.

प्रश्न : खासगी विंडो उघडून इंटरनेट वापरले तर आपण काय पाहतो ते कोणालाच कळत नाही ना?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर : कळते. खासगी विंडो बंद केल्यावर त्या उपकरणावरील इतिहास आणि कुकी पुसल्या जातात, त्यामुळे तोच संगणक नंतर वापरणाऱ्याला काही दिसत नाही. परंतु तू ज्या संकेतस्थळावर गेलीस त्याला भेट समजते, आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला व शाळेचे नेटवर्क सांभाळणाऱ्यालाही निदान संकेतस्थळाचे नाव साधारणपणे समजू शकते. याच गैरसमजावरून अमेरिकेत 2020मध्ये गूगलवर खटला दाखल झाला होता आणि 2024च्या तडजोडीत कंपनीने अशा वापराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

प्रश्न : मी गणित शिकवतो. हा विषय संगणकाच्या शिक्षकांचा, असे सगळे गृहीत धरतात. संभाव्यतेच्या पाठात याला जागा आहे का?
(एक गणित शिक्षक)

उत्तर : आहे, आणि ती अतिशय सुंदर जागा आहे. 1965मध्ये स्टॅन्ली वॉर्नर या संशोधकाने असा प्रश्न हाताळला, की ज्या गोष्टीविषयी लोक खरे बोलायला कचरतात तिचे प्रमाण कसे काढावे. त्याने सुचवलेल्या पद्धतीचा पुढे रूढ झालेला एक सोपा प्रकार असा आहे. ‘गेल्या महिन्यात तू कोणाचा तरी गृहपाठ उतरवलास का?’ असा प्रश्न वर्गाला विचारा. प्रत्येकाने कोणाला न दाखवता नाणे उडवावे. छापा पडल्यास खरे उत्तर लिहावे. काटा पडल्यास पुन्हा नाणे उडवावे आणि छाप्याला ‘हो’, काट्याला ‘नाही’ असे डोळे मिटून लिहावे. आता ‘हो’ लिहिलेली कोणतीही एक चिठ्ठी उचलली तरी ती कबुली आहे की नाण्याचा खेळ, हे कोणालाही सांगता येत नाही.

तरीही वर्गाचे प्रमाण निघते. समजा, 40 विद्यार्थ्यांकडून 14 ‘हो’ आले. केवळ नाण्यामुळे येणारे ‘हो’ सरासरीने 40चा चतुर्थांश, म्हणजे 10. उरलेले 4 हे खरे बोललेल्या सुमारे 20 जणांपैकी, म्हणून प्रमाण 20 टक्के. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे समीकरण मांडता येते.

येथे थांबू नका, कारण खरी मजा पुढे आहे. खरे प्रमाण 20 टक्के असले तरी 40 जणांच्या वर्गात ‘हो’ची संख्या साधारण 8 ते 20 यांदरम्यान कोठेही पडू शकते. 8 ‘हो’ आले तर सूत्रातून उणे 10 टक्के असे उत्तर येते, म्हणजे कोणीही गृहपाठ उतरवला नाही आणि वर काही जणांनी परत केला! वर्ग हसेल, हसू द्या. प्रत्येकाला मिळालेल्या आडोशाची किंमत उत्तराच्या अचूकपणातून वसूल होते, आणि हा आडोसा परवडण्यासाठी माणसे पुष्कळ लागतात, हे त्या उणे उत्तरातून जितके ठसते तितके व्याख्येतून ठसत नाही. तीनचार वर्गांच्या चिठ्ठ्या एकत्र करून आकडा कसा स्थिरावतो ते दाखवता आले तर उत्तमच. जाणूनबुजून गोंधळ मिसळून व्यक्तीला झाकायचे आणि समूहाचे चित्र राखायचे, या विचाराला 2006मध्ये सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटेकोर गणिती रूप दिले. अमेरिकेच्या 2020च्या जनगणनेतील आकडे प्रसिद्ध करताना ते वापरले गेले, आणि लहान वस्त्यांचे आकडे त्यामुळे बिघडतात अशी टीकाही झाली. तुमच्या वर्गातील उणे 10 टक्के आणि ही टीका यांचे मूळ एकच आहे.

प्रश्न : मुलांच्या शाळेने सक्ती केली आहे, की दर महिन्याला पासवर्ड बदलावा आणि त्यात अंक, चिन्ह, मोठे अक्षर असावे. मुलगी शेवटचा अंक तेवढा वाढवते आणि तो वहीच्या मागे लिहून ठेवते. हे योग्य आहे का?
(एक पालक)

उत्तर : तुमची मुलगी तेच करते आहे जे अशा सक्तीपुढे बहुतेक मोठी माणसे करतात. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या ‘निस्ट’ या संस्थेने 2017च्या मार्गदर्शक सूचनांत नेमके हेच लक्षात घेऊन सांगितले, की पासवर्ड फुटल्याची खूण असल्याशिवाय ठरावीक मुदतीने तो बदलायला लावू नये आणि चिन्हांची सक्तीही करू नये. त्यापेक्षा लांबी वाढवावी आणि पूर्वी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत तो नाही ना, हे तपासावे. एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा पासवर्ड लक्षात राहतो आणि अंदाजाने सापडणे कठीण जाते. महत्त्वाच्या खात्यांसाठी दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी आणि एक पासवर्ड दोन ठिकाणी कधीही वापरू नये.

यामागचे कारणही मुलीला सांगा. नीट चालवलेल्या सेवेत पासवर्ड जसाच्या तसा साठवलेला नसतो. त्यावर एक गणिती क्रिया करून तयार झालेला हॅश साठवतात, ज्यावरून मूळ पासवर्डाकडे उलट जाता येत नाही. सारख्या पासवर्डांचे हॅशही सारखे दिसू नयेत म्हणून प्रत्येकात आधी एक वेगळी यादृच्छिक भर घालतात. सगळ्याच सेवा इतक्या नीट चालवलेल्या नसतात. 2009मध्ये रॉकयू या कंपनीतून 3 कोटी 20 लाख पासवर्ड चोरीला गेले, ते उघड अक्षरांत साठवलेले होते, आणि त्यांत सर्वाधिक लोकांनी निवडलेला पासवर्ड 123456 हा होता. म्हणून पासवर्ड किती अवघड आहे यापेक्षा तो दुसरीकडे कोठे वापरला आहे, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. वहीच्या मागे लिहिलेला पासवर्ड दूरच्या चोराला दिसत नाही, शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला दिसतो. शाळेत तो दुसरा धोका अधिक खरा असतो, तेव्हा वही घरी ठेवावी किंवा पासवर्ड मॅनेजर वापरावा.

प्रश्न : आमच्या शाळेत हजेरी, गृहपाठ, निकाल, शुल्क या सर्वांसाठी वेगवेगळी ॲप आहेत. विद्यार्थ्यांना माहितीच्या संरक्षणाचे धडे देताना शाळेने स्वतः काय करावे?
(एक मुख्याध्यापिका)

उत्तर : हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारला, हे विशेष आहे. या विषयावरील पुष्कळसे धडे परक्या कंपन्यांविषयी बोलतात आणि विद्यार्थ्याची सर्वांत तपशीलवार नोंद ठेवणाऱ्या संस्थेविषयी, म्हणजे शाळेविषयी, गप्प राहतात.

कायद्यांचा कल स्पष्ट आहे. अमेरिकेतील 1998चा कायदा 13 वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करण्यापूर्वी पालकांची संमती मागतो. युरोपीय संघात 25 मे 2018पासून लागू असलेल्या नियमांत ही मर्यादा 16 वर्षे असून सदस्य देशांना ती 13पर्यंत खाली आणता येते. भारताच्या 2023च्या कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि काही अपवाद सोडता मुलांचा माग काढण्यास व त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई केली आहे. परंतु संमतीपत्रावर सही घेतली की काम झाले, असे समजू नये. ज्या ॲपवाचून गृहपाठ मिळणारच नाही त्याला पालक नकार कसा देणार?

अमेरिकेत 2013मध्ये ‘इनब्लूम’ नावाचा उपक्रम मोठा निधी घेऊन सुरू झाला होता. अनेक राज्यांतील विद्यार्थ्यांच्या नोंदी एका ठिकाणी आणण्याचा त्याचा बेत होता. 2014मध्येच तो बंद करावा लागला, तो माहिती चोरीला गेली म्हणून नव्हे, तर ती कोणाच्या हाती जाईल याचे पटणारे उत्तर पालकांना मिळाले नाही म्हणून.

माझी सूचना अशी, की शाळेतील सर्व ॲपची एक नोंदवही करा आणि प्रत्येकापुढे लिहा : कोणती माहिती जाते, कशासाठी जाते, कोणाला दिसते, किती काळ राहते आणि विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर ती कोण पुसते. शेवटच्या रकान्यात बहुधा काहीच लिहिता येणार नाही. कंपनीला पत्र पाठवून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. जन्मतारीख मागणाऱ्या ॲपला इयत्ता पुरत असेल तर जन्मतारीख देऊ नका. मुख्य म्हणजे ही नोंदवही करण्याचे काम नववीच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला, शिक्षकांच्या देखरेखीखाली, द्या. ॲपच्या अटी वाचणे, परवानग्या तपासणे आणि कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा करणे त्यांना जमते. मात्र त्यांना प्रत्यक्ष नोंदी उघडून दाखवू नका; रकान्यांची नावे तेवढी पुरेशी आहेत.